बाईचा कोठा

शताब्दीच्या वर्षी नगरपालिकेनं बूढीतली नाली साफ केली नाही, तिच्यापुढे बांबूचे तट्टे उभे केले. बूढी म्हणजे बालाघाटातली सगळ्यात जुनी वस्ती. जिल्ह्याला शंभर वर्षं होत होती, बाहेरगावचे पाहुणे येणार होते, आणि त्यांना दर रविवारी पायी फिरवून ही जुनी वस्ती दाखवायची असं शताब्दी समितीनं ठरवलं. त्याला नाव दिलं ‘नगर-दर्शन’. देवाचं दर्शन घेतात तसं आमच्या नालीचं. तट्ट्यांवर चुना मारला, वर रंगीत पताका लावल्या. वासाला काही तट्टा लावता येत नाही, तो होता तिथंच राहिला. लोक नाकाला रुमाल लावून इतिहास ऐकायचे.

हा इतिहास सांगायचं काम माझ्या पोराला, प्रेमलालला मिळालं. हायर सेकंडरी होऊन तो वर्षभर घरी बसला होता. आवाज खणखणीत, हिंदी अशी की ऐकणाऱ्यानं त्याला जबलपूरचा समजावं. समितीचे अध्यक्ष भैयालालजी, लाकडाचे ठेकेदार, त्यांनी त्याला बोलावलं आणि सांगितलं, काम नीट केलंस तर पुढं नगरपालिकेत चिकटवून देतो. पोरानं नवा पांढरा शर्ट शिवला. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? चार माणसं माझ्या पोराच्या मागं चालतात, तो हात करेल तिकडं बघतात, हे काय थोडं झालं?

दुसऱ्याच आठवड्यात माझे मालक, चैतराम, भरवेलीच्या खदानीतून सायकलनं घरी आले. मँगनीजच्या काळ्या धुळीनं भरलेलं तोंड धुता धुता म्हणाले, “तुहा पोरगा बूढीत बाईचा कोठा दाखवते म्हने.”

आमच्या बोलीत कोठा म्हणजे गुरं बांधायची जागा. बाई म्हणजे आमच्या बाई, तुळसाबाई, ज्यांनी मला अक्षर शिकवलं. बूढीत बाजारगल्लीच्या टोकाला एका गोदामावर त्यांची माडी होती, तिथं मुलींची शाळा भरायची. त्या शाळेला माझा पोरगा कोठा म्हणतो? मी तिथंच भडकले.

“कोठा काहून म्हनते तो? थं का गुरं होती? पोरी होत्या पोरी!”

मालकांनी माझ्याकडं बघितलं. तोंडावरून काळं पाणी गळत होतं. “अवो, तो कोठा नाई,” ते हळूच म्हणाले. “हिंदीतला कोठा. नाचनारनीचा. खदानीत लोक दात काढून राह्यले.”

मला काही क्षण कळलंच नाही. मग कळलं, आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

बाई कोण होत्या ते सांगितल्याशिवाय माझा राग कळायचा नाही. तुळसाबाई आमच्यातल्या, म्हणजे तेव्हाच्या महार मोहल्ल्यातल्या. आता आम्ही बौद्ध झालो, तेव्हा नव्हतो. लहानपणी विधवा झाल्या, तर रडत न बसता नागपूरला जाऊन मास्तरणीचं शिक्षण घेऊन आल्या. परत आल्यावर गाव त्यांना काय म्हणायचं? ‘तुळशे.’ ‘ए तुळशे, बाजूनं चाल.’ मालगुजाराचा, म्हणजे गावच्या जमीनदाराचा, गडीसुद्धा तुळशेच म्हणायचा. मुलींना शिकवायला गावात दुसरं कुणी नव्हतं म्हणून मोठ्या घरच्या पोरी नाइलाजानं त्यांच्याकडं यायच्या. पडद्याच्या दमण्यांतून यायच्या, बैलांच्या. आणि पहिल्याच दिवशी बाई प्रत्येकीला दारात थांबवून सांगायच्या, “मला बाई म्हणायचं. म्हणता येत नसेल तर दमणी खाली उभी आहे, परत जायचं.” पोरी म्हणायला लागल्या, मग पोरींच्या आया, मग दमणीवाले. शेवटी मालगुजारानंही एकदा ‘बाई’ म्हटलं, तेव्हा त्यांनी आम्हाला सुट्टी दिली होती. तो एक शब्द त्यांनी अशी वर्षं घालून मिळवला होता.

मोठ्या घरच्या पोरी शाळेतून गेल्या की त्यांना अंगणातच आंघोळ घालायचे, आमचा विटाळ धुवायला. गोदा म्हणून एक होती, तिचे केस कायम ओले असायचे. माझ्या शेजारी बसायची. संध्याकाळी बाई आमच्याकडून लेझीम करून घ्यायच्या, माडीवर जागा होती तेवढ्यात. सगळ्या पोरी एका तालात, छन्‌ छन्‌, आणि गोदेचा पाय उलटाच. डावा म्हटलं की उजवा. तिच्यामुळं आख्खी रांग चुकायची, एकदा तर तिची लेझीम माझ्या नडगीवर बसली होती, व्रण आहे अजून. ती गोदा म्हणजे पुढं भैयालाल ठेकेदारांची बायको, गोदाबाई.

तर त्या माडीला कोठा!

रविवारी मी डोक्यावरून पदर ओढून त्या मिरवणुकीच्या मागं मागं चालले. पंधरा-वीस पुरुष होते. प्रेमलालनं मारुतीचं देऊळ दाखवलं, जुना वड दाखवला, वैनगंगेच्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं ती खूण दाखवली. लोक जांभया देत होते, एक जण खुशाल तट्ट्यामागं जाऊन लघवी करून आला. मग बाजारगल्लीच्या टोकाला सगळे एकदम ताठ झाले, पुढं सरकले. माडीला तेव्हा कुलूप होतं. मराठी शाळा बंद पडल्यापासून तिथं विडीचा पत्ता, म्हणजे तेंदूची पानं, भरून ठेवायचे. खाली लाकडी जिना.

“और ये है, साहब, बाई का कोठा!” माझ्या पोराचा आवाज. “बड़े-बड़े मालगुजारों की गाड़ियां यहां नीचे खड़ी रहती थीं. परदे वाली. शाम ढली नहीं कि ऊपर छन-छन शुरू!”

असं म्हणून त्यानं खिशातून घुंगरू काढले आणि हलवले. माझ्या बापाच्या बैलाची घुंगरमाळ होती ती, पोळ्याला बांधायचो. मी पेटीत कापडात गुंडाळून ठेवलेली.

पुरुष हसले. ते हसू मला लिहून दाखवता येत नाही. ओठ फाकतात आणि डोळे मात्र बाईमाणसाच्या अंगावर असतात, तसं. समोर बाईमाणूस नव्हतं, तर ते डोळे जिन्यावर होते. एका जाड्या माणसानं “बाई तो गई, कोई छोटी बाई बची है कि नहीं?” असं विचारलं आणि जिन्याच्या पायरीवर पचकन पान थुंकला. त्याच पायरीवर आम्ही पोरी बसून पाय पुसायचो, कारण बाईंना वर माती चालत नसे. लाल थुंकी पायरीवरून खाली ओघळली. तट्ट्यामागच्या नालीची मला जन्मभर सवय होती, तिनं कधी ओकारी आली नाही. या थुंकीनं आली.

घरी आल्यावर मी प्रेमलालला जेवायला वाढलं. पहिला घास त्याच्या तोंडात जाऊ दिला आणि मग विचारलं.

“ते माडी कोनाची हाय, तुले माहीत हाय का?”

“कोई बाई थी. पुरानी बात है. महागूबाबानं सांगितलं ना.”

महागूबाबा म्हणजे लिंबाखाली बसणारा म्हातारा दमणीवाला. प्रेमलालनं त्याला विचारलं, इथं काय होतं? तो म्हणाला, बाईची माडी होती. मोठ्या मोठ्या घरच्या दमण्या उभ्या राहत. मीच आणत असे. सांजेला वर छनछन चाले. एक शब्द खोटा नाही बिचाऱ्याचा. पण हिंदीत ‘बाई’ म्हटलं की तिला काय समजतात ते महागूबाबाला माहीत नाही, आणि मराठीत ‘बाई’ कुणाला म्हणतात ते माझ्या पोराला माहीत नाही. गाव नागपूरपासून तोडून भोपाळला जोडलं, शाळा हिंदी झाली, आणि माझ्याच पोटचा पोर माझीच भाषा कानाआड करून बसला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. घरात आई बसली होती, ती त्या माडीवर शिकली होती, तिला विचारायचं सुचलं नाही.

“ते परसवाड्याच्या आजीची शाळा होती,” मी म्हटलं.

त्याचा हात भातातच राहिला. परसवाड्याची आजी म्हणजे बाईच. शाळा बंद झाल्यावर त्या परसवाड्याला पुतण्याकडं, पुनारामकडं राहायला गेल्या होत्या. प्रेमलाल लहान होता तेव्हा त्याला गोवर झाला तर तिथून येऊन उशाशी बसल्या होत्या. त्यांना तो आजी म्हणायचा. त्याची आजी कुणाची तरी बाई होती हे त्याला माहीतच नव्हतं.

मला वाटलं आता तो उठेल, तोंडात मारून घेईल. पोरगं लाल झालं, खरंच झालं. पण मग मान खाली घालून म्हणालं, “आई, लोक तिथंच तर रुकतात. बाकी जागी जम्हाई देतात. भैयालालजी बोलले, यही तो जान है. मास्तरीनची शाळा पाहायले भोपालहून कोन येऊन राह्यलं?”

मी त्याच्यापुढचं ताट उचललं आणि बाहेर कुत्र्याला घातलं. मालक म्हणाले, पोराच्या नोकरीचा सवाल आहे, जरा धीरानं घे. मी त्यांच्याशीही दोन दिवस बोलले नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला चावायचं? रात्रंदिवस माझ्या डोळ्यापुढं ती थुंकी ओघळत होती.

आणि शनिवारी बाई स्वतः आल्या.

परसवाड्याच्या बसमधून उतरल्या, पांढरं पातळ, हातात पेरूंची पिशवी. सत्तरी आलेली, पण पाठ सरळ. कान मात्र गेले होते. अगदी जवळ जाऊन मोठ्यानं ओरडलं तरच ऐकू यायचं. एरवी त्या समोरच्याच्या तोंडाकडं बघून हसायच्या. दारातच म्हणाल्या, “जिजे, बसचा कंडक्टर सांगत होता, नगर-दर्शनात माझी माडी दाखवतात. खरं का ग?”

मी मान हलवली.

“आणि आपला प्रेमलाल दाखवतो म्हणे!” त्यांनी पोराला जवळ ओढलं, त्याच्या हातात पेरू कोंबले. “शाब्बास. मला वाटलं होतं, गेलं ते सगळं. कोण लक्षात ठेवतं? उद्या मी येणार बघायला. मागं उभी राहीन, कुणाला त्रास नाही.”

चेहरा असा उजळला होता त्यांचा. म्हाताऱ्या माणसाला इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं, आणि ते बघून मला इतकं घाण कधी वाटलं नव्हतं. प्रेमलालला तो पेरू खाता येईना आणि ठेवता येईना. बाई हातपाय धुवायला मागं गेल्या, तेव्हा त्यानं माझा पदर धरला. “आई, उद्या नाई सांगत तसं. कसम से. शाळाच सांगतो.”

मी म्हटलं, “पाहू.”

बाईंना मी अडवलं नाही असं नाही. ऊन लागेल म्हटलं, गर्दी असते म्हटलं. त्या नुसत्या हसल्या आणि सकाळी पातळाच्या निऱ्या चापूनचोपून तयार. माझ्या मनात एकच होतं: काही झालं तरी बाईंच्या कानात ते जाऊ द्यायचं नाही. सारं आयुष्य घालून मिळवलेला शब्द आहे, तो म्हातारपणी त्यांच्याच दारात त्यांच्या तोंडावर थुंकलेला त्यांनी ऐकू नये. पहिल्यांदाच मला त्यांच्या बहिरेपणाचा आधार वाटला.

त्या रविवारी नेमके भोपाळचे दोन अधिकारी होते. म्हणून भैयालालजी स्वतः आले होते, खांद्यावर उपरणं, कपाळाला गंध. वरून कीर्तन आतून तमाशा, असा माणूस. बाई आणि मी सगळ्यांच्या मागं. देऊळ झालं, वड झाला, पुराची खूण झाली. बाजारगल्लीचं टोक आलं. बाईंनी माझा हात घट्ट धरला.

प्रेमलाल जिन्यापाशी उभा राहिला. घसा खाकरला. “यहां, साहब, एक पाठशाला थी. लड़कियों की...”

“अरे, क्या पाठशाला!” भैयालालजी मध्येच म्हणाले. “साहब इतनी दूर से पाठशाला देखने आए हैं? वो सुना, बाई वाला.”

प्रेमलाल गप्प उभा राहिला. खाली बघत. मला वाटत होतं, बोल, बोल रे. तो बोलला नाही. तेव्हा भैयालालजींनीच त्याच्या खिशात हात घालून घुंगरू काढले, हलवले आणि सगळा किस्सा आपल्या तोंडानं सांगितला. गाड्या, पडदे, छनछन. वर आणखी मीठमसाला, की या बाईनं किती मालगुजारांची शेतं खाल्ली आणि कुणाच्या मांडीवर बसून पान खाल्लं. अधिकारी हसले, बाकीचे त्यांच्यापेक्षा मोठ्यानं हसले.

आणि बाई! बाईंना वाटलं, लोक कौतुकानं हसतायत. निदान मला तसं दिसलं. त्यांनी मागंच उभं राहून हात जोडले. सगळ्यांना नमस्कार केला. हसून.

किळस मला ठाऊक होती. गावानं आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या तीच दिली होती. पण असली नव्हती. सगळी गल्ली सडल्यासारखी वाटली, हसणारे, हसवणारे आणि तिथं मान खाली घालून उभ्या असलेल्या माझ्या पोरासकट. ओरडून सांगावं, अरे मेल्यांनो, हीच ती, हात जोडून उभी आहे! पण ओरडले तर बाईंना ऐकू जाणार. माझा आवाज मोठा आहे, तो त्यांच्या कानात शिरतो. ‘कोठा नाही’ म्हणायचं तरी ‘कोठा’ म्हणावं लागतं. तोंड उघडलं तर बाई ऐकतात, मिटलं तर हे हसतात.

मग मला सुचलं. खोटं बोलायचंच नाही. खोडायचंही नाही. मी बाईंचा हात सोडवला, माणसांना कोपरानं बाजूला सारत जिन्यावर चढले, त्या थुंकलेल्या पायरीच्या वरच्या पायरीवर उभी राहिले, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं,

“हौ! हेच ते बाईची माडी! मी याच माडीवर नाचली! लहानपनी रोज सांजेले नाचली!”

हसणं थांबलं. आमच्या मोहल्ल्यातल्या बायका दारात आल्या.

“अन्‌ माह्या जोडीले कोन नाचे, सांगू? भैयालालजी, तुमच्या घरच्या गोदाबाई! त्याइची पडद्याची दमनी अथीच उभी राहे, या महागूबाबाले इचारा! मी अन्‌ गोदाबाई, एका रांगेत, बाईपुढं नाचत होतो!”

अधिकाऱ्यांना मराठी कळत नव्हती. एकानं विचारलं, “क्या कह रही है ये?”

“कुछ नहीं साहब, पगली है. चलिए, आगे चलिए.”

तेव्हा प्रेमलालनं मान वर केली. त्याचं कामच होतं ना, पाहुण्यांना समजावून सांगायचं? सांगितलं त्यानं. खणखणीत. “साहब, ये मेरी मां हैं. ये कह रही हैं कि बाई के सामने ये यहीं नाचती थीं. और इनके साथ अध्यक्ष जी की धर्मपत्नी, श्रीमती गोदाबाई भी नाचती थीं. उनकी गाड़ी यहीं खड़ी रहती थी.”

मोठा अधिकारी भैयालालजींकडं बघत होता, मघाशी जिन्याकडं बघत होता तसाच, तेच डोळे. भैयालालजींच्या कपाळावरचं गंध घामानं ओघळलं.

“वो नाच नहीं था!” ते किंचाळले. “लेजिम थी, लेजिम! स्कूल था ये साहब! लड़कियों का स्कूल! मेरी घरवाली यहां पढ़ी है, पढ़ी है!”

म्हणजे त्याला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बायको ज्या जिन्यावरून शिकायला गेली, त्या जिन्याचा त्यानं कोठा होऊ दिला, कारण तिथं शिकवणारी आमच्यातली होती आणि लोक हसत होते. मला खाली उतरून त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. थुंकले नाही, पायरी आधीच घाण होती.

तेवढ्यात बाई पुढं आल्या. माणसं आपोआप बाजूला झाली. त्यांनी भैयालालजींच्या तोंडाकडं नीट पाहिलं, हसल्या आणि बहिरी माणसं बोलतात तशा मोठ्यानं म्हणाल्या, “तुम्ही गोदाचे मालक का? अहो, काय सुरेख नाचायची तुमची गोदा! तिच्यासारखा पाय कुणाचाच पडायचा नाही. तिला सांगा, बाई विचारत होत्या.”

“अब ये क्या कह रही हैं?” अधिकाऱ्यानं विचारलं. आणि माझ्या पोरानं ते सुद्धा शेवटच्या शब्दापर्यंत हिंदीत सांगितलं. वर म्हणाला, “यही हैं, साहब. बाई.” त्या दोघांपैकी धाकट्यानं अर्धवट हात जोडले. भैयालालजींनी घुंगरू नालीत फेकले आणि सगळ्यांना घेऊन निघून गेले. प्रेमलालनं तट्टा सरकवला, नालीत हात घालून घुंगरमाळ काढली आणि तिथंच नळावर धूत बसला.

पुढं काय झालं ते आत्ताच सांगून टाकते, मोठं काही नाही. दुसऱ्या रविवारी नगर-दर्शन बाजारगल्लीत वळलंच नाही. कोठा होता तोवर सगळे थांबत होते. महारणीची शाळा निघाल्यावर समितीला ती गल्ली अरुंद वाटायला लागली. प्रेमलालचं काम गेलं. तो बापाच्या ओळखीनं उकव्याच्या खदानीत लागला. मी एकदा बादली घेऊन जाऊन तो जिना धुतला. दुसऱ्या दिवशी कुणीतरी पुन्हा थुंकून ठेवलं होतं.

पण त्या दिवशी दुपारी मी बाईंना बसस्टँडवर सोडायला गेले, तेव्हा हे काही मला माहीत नव्हतं. मी खुशीत होते. वाटत होतं, वाचवलं बाईंना. त्यांना फक्त चांगलं तेवढंच ऐकू गेलं. बस उभी होती, बाई खिडकीशी बसल्या. मला खुणेनं जवळ बोलावलं.

“जिजे, ‘मी नाचली’ नव्हे. ‘मी नाचले’. चारचौघांत तरी नीट बोलावं.”

“हौ, बाई,” मी हसून ओरडले.

“आणि पोराला सांग, आपल्याकडं घुंगरू नव्हते. लेझीम होती.”

माझं हसू गेलं. बाई पिशवीची गाठ नीट करत होत्या.

“कान गेले ग माझे. डोळे आहेत अजून. पुरुष कसे हसतात ते मी तुझ्याआधीपासून बघत आले.”

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. मी खिडकीच्या गजाला धरून जे तोंडात आलं तेच विचारलं, “बाई, अन्‌ गोदाबाईचा पाय?”

“गोदाचा?” बाई म्हणाल्या. “जन्मात कधी तालावर पडला नाही तिचा पाय. आख्खी रांग नासवायची.”

बस हलली. धूळ उडाली आणि मी नाकाला पदर लावला.